मिश्री, मातृत्व आणि बालकाचे आरोग्य

गरोदर स्त्रीची प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात नोंदणी झाली की तिचे वजन पाहिले जाते, रक्तदाब मोजला जातो, रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रमाण तपासले जाते. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या तिला दिल्या जातात, धनुर्वाताची लस टोचली जाते. पोटातल्या जिवाची वाढ नीट व्हावी म्हणून ही सारी खटपट असते. परंतु ती दात कशाने घासते, हा साधा प्रश्न पुष्कळदा विचारावयाचा राहून जातो. महाराष्ट्रात हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. राज्यातील असंख्य स्त्रिया दात घासण्यासाठी जी काळी पूड वापरतात ती मिश्री म्हणजे तंबाखूच होय, आणि तिचा परिणाम मातेपुरता मर्यादित राहत नाही.

मिश्री म्हणजे काय?

तंबाखूची पाने किंवा पानांचा चुरा तापलेल्या तव्यावर काळा पडेपर्यंत भाजतात आणि मग चुरून त्याची बारीक पूड करतात. हीच मिश्री. कोठे तिला मिसरी म्हणतात, तर मुंबई व कोकणात मशेरी या नावाने ती ओळखली जाते. गोव्यातही तिचा वापर आढळतो. भाजताना उठणाऱ्या धुराने घरादाराला ठसका लागतो. पण घरोघरी चालत आलेली रीत म्हणून त्याचे कोणाला विशेष वाटत नाही.

या सवयीचा आरंभ बहुधा निरुपद्रवी वाटणाऱ्या कारणाने होतो. दाढ दुखते, हिरड्या सुजतात, पोट साफ होत नाही, अशा वेळी घरातील वडीलधारी बाई चिमूटभर मिश्री लावावयास सांगते. काही मुलींना ती आईकडून मिळते, काहींना लग्नानंतर सासरी. प्रथम सकाळी एकदा लावली जाणारी मिश्री पुढे दुपारची कामे उरकल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वीही लागू लागते. बोटाने दातांवर व हिरड्यांवर फिरवून ती बराच वेळ तोंडात धरली जाते. दात स्वच्छ करण्याचे निमित्त मागे पडते आणि उरते ते निकोटिनचे व्यसन. मिश्रीची डबी हाताशी नसली की डोके दुखते, कामात लक्ष लागत नाही, चिडचिड होते. ही लक्षणे व्यसनाचीच आहेत.

हा वापर किती खोलवर रुजला होता, याची कल्पना जुन्या पाहणीवरून येते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील सुमारे १ लाख लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ३९ टक्के स्त्रिया मिश्री वापरीत असल्याचे आढळले. पुरुषांमध्ये हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होते. पुढे २०१६-१७ मध्ये झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत राज्यातील सुमारे १७ टक्के प्रौढ स्त्रिया कोणत्या ना कोणत्या स्वरूपात धूरविरहित तंबाखू वापरीत असल्याचे दिसून आले. धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया मात्र दीड टक्क्याच्या आतच होत्या. म्हणजे महाराष्ट्रातील स्त्रियांच्या बाबतीत तंबाखूचा प्रश्न विडी-सिगारेटचा नसून मुख्यतः मिश्रीचा आणि खाण्याच्या तंबाखूचा आहे.

तोंडातून गर्भापर्यंत

“आम्ही मिश्री गिळत नाही, थुंकून टाकतो,” असे स्त्रिया सांगतात आणि ते खरेही असते. तथापि निकोटिन शरीरात शिरण्यासाठी ते गिळावेच लागते असे नाही. तोंडातील आतले अस्तर नाजूक असून त्याखाली सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. हिरड्यांवर पूड चोळली की निकोटिन त्या अस्तरातून थेट रक्तात उतरते. थुंकून टाकला जातो तो उरलेला चोथा. अपाय करणारा अंश तोवर रक्तात मिसळलेला असतो.

गर्भाला अन्न आणि प्राणवायू मिळतो तो वारेतून. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि वारेकडे जाणारा रक्ताचा ओघ कमी होतो. माता पोटभर जेवली तरी गर्भाला पुरेसा पुरवठा न होण्याचा संभव त्यामुळे निर्माण होतो. शिवाय निकोटिन वार ओलांडून गर्भाच्या रक्तात पोहोचते. मेंदू आणि फुप्फुसे घडत असण्याच्या नेमक्या काळात गर्भाला या द्रव्याचा सामना करावा लागतो. मिश्री दिवसातून चार-पाच वेळा लावली, तर गर्भालाही तितक्याच वेळा हा ताण सोसावा लागतो.

तंबाखू भाजल्याने तिचा दोष जातो, हा समजही निराधार आहे. भाजल्याने निकोटिन नाहीसे होत नाही. उलट पाने करपताना बेंझोपायरीनसारखी कर्करोगजनक द्रव्ये नव्याने तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखूची गणना मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली आहे.

मुंबईतील पाहणी काय सांगते?

तंबाखू खाणाऱ्या गर्भवतींच्या बालकांचे वजन कमी भरते, ही गोष्ट मुंबईतील एका अभ्यासाने १९७८ मध्येच वैद्यकीय जगापुढे मांडली होती. त्यानंतरचा अधिक पद्धतशीर अभ्यास डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी केला. तो २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी मुंबईतील वस्त्यांतून तीन ते सात महिन्यांच्या १,२१७ गर्भवतींची नोंद केली आणि प्रसूतीपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. त्यांपैकी ज्या स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरीत होत्या त्यांच्यात मिश्रीचा वापर सर्वांत अधिक होता.

मातेचे वय, शिक्षण, सांपत्तिक स्थिती, वजन यांसारख्या गोष्टी हिशेबात घेऊनही असे दिसले की, तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे जन्मवजन सरासरीने १०५ ग्रॅमने कमी होते आणि त्यांचा जन्म सरासरीने ६ दिवस आधी झाला होता. बत्तीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वीच प्रसूती होण्याची शक्यता या मातांच्या बाबतीत जवळजवळ पाचपट होती. याच स्त्रियांच्या माहितीवर आधारलेला दुसरा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत बालक जन्मास येण्याचा धोका तंबाखू वापरणाऱ्या मातांमध्ये इतरांच्या अडीच पटींहून अधिक असल्याचे त्यात नमूद आहे. पुढील विश्लेषणात तंबाखू वापरणाऱ्या गर्भवतींमध्ये रक्तक्षयाचे प्रमाणही जास्त आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. लोहाच्या गोळ्या देत असताना मिश्रीकडे दुर्लक्ष होत असेल, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते.

एकशे पाच ग्रॅम म्हणजे छटाक-दोन छटाकांची बाब, तिचे एवढे काय, असे कोणास वाटेल. परंतु २,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे बालक कमी वजनाचे समजले जाते. ज्या घरात मातेचेच पोषण तुटपुंजे आहे तेथे बालकाचे वजन आधीच या रेषेच्या आसपास असते. अशा बालकाच्या बाबतीत शंभर ग्रॅमचा फरक त्याला रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे नेऊन ठेवतो. कमी वजनाचे मूल अंगात ऊब धरू शकत नाही, स्तनपान जोमाने करू शकत नाही आणि जंतुसंसर्गाला लवकर बळी पडते.

“आम्ही जन्मभर मिश्री लावली, तरी आमची मुले धडधाकट आहेत,” हा वडीलधाऱ्या स्त्रियांचा युक्तिवाद गावोगावी ऐकू येतो. त्याला उत्तर देताना त्यांचा अनुभव खोटा ठरविण्याचे कारण नाही. मिश्री लावणाऱ्या प्रत्येक मातेच्या मुलाला अपाय होतोच असे कोणताही अभ्यास म्हणत नाही. धोका वाढतो, एवढेच तो सांगतो. शिवाय जी मुले जगली तीच आज डोळ्यांपुढे आहेत. सातव्या महिन्यात गेलेले किंवा जन्मतःच दगावलेले मूल दैवाच्या नावावर जमा होते. त्याचा संबंध मिश्रीच्या डबीशी कोणी लावीत नाही.

स्तनपानाच्या काळात

प्रसूती झाली म्हणजे धोका टळला असेही नाही. रक्तातील निकोटिन मातेच्या दुधात उतरते आणि दुधात त्याचे प्रमाण रक्तापेक्षा अधिक असते. अशा दुधावर वाढणाऱ्या बालकाच्या झोपेत व्यत्यय येतो, ते चिडचिडे होते. मूल का रडते, हे न उमगल्याने कधी दृष्ट काढली जाते, कधी वरचे दूध सुरू केले जाते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. माता मिश्री लावते म्हणून तिने बालकाला अंगावर पाजू नये, असा सल्ला कोणीही देऊ नये. पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध, हा नियम अबाधित आहे. आईच्या दुधाने बालकाला मिळणारे रोगांपासूनचे संरक्षण बाटलीच्या दुधाने मिळत नाही. सोडावयाची आहे ती मिश्री, स्तनपान नव्हे. जिला मिश्री एकदम सुटत नाही, तिने निदान पाजण्यापूर्वी ती लावू नये. दुधातील निकोटिन काही तासांत बरेचसे ओसरते, म्हणून पाजल्यानंतर आणि पुढच्या पाजण्याला अवकाश असताना लावल्यास बालकाच्या वाट्याला येणारा अंश कमी होतो. अर्थात ही तडजोड आहे, उपाय नव्हे.

मिश्रीची डबी मुलाच्या हाती लागणार नाही, याचीही दक्षता घ्यावयास हवी. रांगते मूल हाती येईल ते तोंडात घालते आणि थोड्याशा तंबाखूनेही त्याला विषबाधा होऊ शकते.

प्रश्न कसा विचारावा?

या विषयातील खरी अडचण माहितीच्या अभावापेक्षा शब्दाची आहे. आरोग्य सेविका विचारते, “तंबाखू खाता का?” गर्भवती उत्तर देते, “नाही.” कागदावर ‘नाही’ अशी नोंद होते. यात ती स्त्री खोटे बोललेली नसते. तंबाखू म्हणजे चुना लावून दाढेखाली धरावयाची वस्तू. मिश्री ही दात घासण्याची वस्तू, अशी तिची प्रामाणिक समजूत असते. हाच प्रश्न “ताई, दात कशाने घासता?” असा विचारला आणि पुढे “मिश्री दिवसातून किती वेळा लावता?” अशी पुस्ती जोडली की निराळेच चित्र समोर येते.

म्हणून प्रश्न वस्तूचे नाव घेऊनच विचारला गेला पाहिजे. मिश्री, मशेरी, तपकीर, गुडाखू, खर्रा, गुटखा, चुना-तंबाखू यांपैकी त्या त्या भागात जे प्रचलित असेल त्याचा स्पष्ट उल्लेख हवा. गर्भवतीला तंबाखूविषयी शक्य तितक्या लवकर आणि पुढे प्रत्येक तपासणीच्या वेळी विचारावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला होणारी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी आणि गावातील ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवस हे त्यासाठी योग्य प्रसंग होत.

विचारताना सूर मात्र दरडावण्याचा नसावा. सासूबाई किंवा नवऱ्यादेखत विचारल्यास सून संकोचते. तिला बाजूला घेऊन विचारावे. दोष दिल्यास ती पुढच्या वेळी लपविते, आणि जे लपविले गेले त्यावर उपाय होत नाही.

मिश्री कशी सोडावी?

गरोदरपण ही व्यसन सोडण्यास अनुकूल वेळ असते, कारण स्वतःसाठी जे जमत नाही ते बाळासाठी करावयास स्त्री तयार होते. मिश्री वापरणाऱ्या गर्भवतींसंबंधी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांना आरोग्य शिक्षण दिल्यानंतर अनेकींनी मिश्री कमी केल्याचे आढळले. समजावून सांगण्याचा उपयोग होतो, हा त्यातील महत्त्वाचा बोध होय.

पहिले काही दिवस कठीण जातात. डोके दुखणे, बेचैनी, बद्धकोष्ठ, झोप न लागणे हे त्रास पहिल्या आठवड्यात अधिक जाणवतात आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरू लागतात. ही कल्पना आधीच दिलेली असली की स्त्री घाबरून परत मिश्रीकडे वळत नाही. दिवसातील ठरलेल्या वेळी तलफ येते तेव्हा तोंडात बडीशेप किंवा लवंग धरावी, पाणी प्यावे, कामात मन गुंतवावे. मुखशुद्धीसाठी मऊ ब्रश आणि तंबाखू नसलेली पेस्ट किंवा दंतमंजन वापरावे. पोट साफ होण्यासाठी मिश्री लागते असे वाटणाऱ्या स्त्रीने पालेभाज्या, फळे आणि पाणी यांचे प्रमाण वाढवावे. दाढदुखीसाठी दंतवैद्याकडे जावे. मिश्रीने ठणका तात्पुरता बधिर होतो, कीड तशीच राहते. गर्भवतींनी औषधे घेऊन व्यसन सोडण्याचा प्रयत्न डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय करू नये. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक २०१६ पासून सुरू करण्यात आला आहे.

भांग आणि गांजा

‘झाडपाल्याची वस्तू आहे, तिने काय होणार?’ ही मिश्रीविषयीची समजूत भांग आणि गांजा यांच्याही बाबतीत आढळते. महाशिवरात्रीला किंवा होळीला प्रसाद म्हणून भांग घेतली जाते. गांजा बाळगणे व सेवन करणे हा १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार गुन्हा असला, तरी प्रश्न केवळ कायद्याचा नाही. या वनस्पतीतील टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य चरबीत विरघळणारे आहे. ते वार ओलांडते, मातेच्या शरीरातील चरबीत साठून राहते आणि दुधातून हळूहळू बाहेर पडते. शेवटच्या सेवनानंतर सहा दिवसांपर्यंत ते दुधात सापडल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासात दिसले आहे. म्हणजे काही तास थांबून पाजावे, हा तंबाखूच्या बाबतीतील तोडगा येथे लागू पडत नाही. अमेरिकेत अनेक राज्यांनी गांजाला कायदेशीर मान्यता दिल्यानंतरही तेथील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने गरोदरपणात व स्तनपानाच्या काळात तो टाळण्याचाच सल्ला दिला आहे. उलटी-मळमळीवर उपाय म्हणूनही तो घेऊ नये. कायद्याने मोकळीक दिली किंवा परंपरेने मान्यता दिली, म्हणून एखादी वस्तू गर्भाला निर्धोक ठरत नाही.

घर, शाळा आणि पंचायत

मिश्री ही एकट्या स्त्रीची सवय नसून घराची रीत आहे. ज्या घरात सासूबाई तव्यावर मिश्री भाजतात आणि दुपारी शेजारणी डबी फिरवितात, त्या घरात एकट्या सुनेने ती सोडावी अशी अपेक्षा धरणे योग्य नव्हे. म्हणून मातांच्या बैठकीला सासवांनाही बोलवावे. नातवंडाचे वजन हा आजीच्या जिव्हाळ्याचा विषय असतो. त्याच अंगाने बोलल्यास ज्या आजीने मिश्री दिली तीच डबी उचलून ठेवील. नवऱ्यानेही आपली तंबाखू व विडी दूर ठेवली पाहिजे, कारण विडीचा धूर गर्भवतीच्या श्वासातून गर्भाला अपाय करतो.

शिक्षकांचे स्थान यात मोठे आहे. मुले घरातील मिश्री पाहून शिकतात. दातांची निगा शिकविताना मिश्री ही तंबाखूच आहे, ही गोष्ट नाव घेऊन सांगावी. आज वर्गात बसलेल्या मुली उद्याच्या माता आहेत. त्यांच्या बोटाला पूड लागण्यापूर्वीच हे ज्ञान त्यांच्यापर्यंत पोहोचले, तर पुढचे श्रम वाचतील. शाळेपासून १०० यार्डांच्या आत आणि १८ वर्षांखालील मुलामुलींना तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. पोराला दुकानात पिटाळून मिश्रीसाठी तंबाखू आणावयास सांगणे हेदेखील या कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे, हे पालकांच्या निदर्शनास आणून द्यावे.

दंतमंजनात तंबाखू वापरण्यास केंद्र शासनाने १९९२ मध्ये बंदी घातली. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. तथापि घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिश्रीपर्यंत कोणताही कायदा सहजी पोहोचू शकत नाही. तिच्या डबीवर इशारा छापलेला नसतो. तो इशारा माणसांनीच पोहोचवावयाचा आहे. ग्रामपंचायतीने महिला सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीने आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्या साहाय्याने गावातील किती गर्भवती आणि स्तनदा माता मिश्री लावतात याची नावे उघड न करता नोंद ठेवावी. सहा महिन्यांनी ती पुन्हा तपासावी. नवजात बालकांच्या वजनाची नोंद अंगणवाडीत असतेच. ती सोबत ठेवून पाहिल्यास गावाला आपल्या प्रयत्नांचे फळ मोजता येईल.

या कामाला मोठा निधी लागत नाही, नवी इमारत लागत नाही की यंत्रसामग्री लागत नाही. गर्भवतीच्या पहिल्याच भेटीत एक प्रश्न नेमक्या शब्दांत विचारणे, तिचे उत्तर रागावल्यावाचून ऐकून घेणे आणि पुढच्या प्रत्येक भेटीत त्याची आठवण ठेवणे, एवढ्याची आवश्यकता आहे. प्रत्येक उपकेंद्राने, अंगणवाडीने आणि पंचायतीने हा एक प्रश्न आपल्या नित्याच्या कामात सामील करून घेतला, तर गावातील पुष्कळ बालके पुरेशा दिवसांची आणि पुरेशा वजनाची जन्माला येण्यास साहाय्य होईल.